चौदा तासांची सवय

लिफ्टचं दार त्यानं हातानं अडवून धरलं, तिला आणि तिच्या कडेवरच्या ढब्बू कुत्र्याला आत जाऊ दिलं... आणि स्वतः बाहेरच राहिला.

"तुम्ही व्हा पुढे. मी जिन्यानं येतो, तेवढाच व्यायाम!"

चौथ्या मजल्यावर प्राण्यांचा दवाखाना होता. ती बाकावर टेकते न टेकते तोच तो धापा टाकत आला आणि त्यानं पांढरा कोट चढवला. डॉक्टर तोच होता. तिला हसू आवरेना.

काम तसं साधं होतं. दूरच्या एका शहरात तिला नोकरी लागली होती. साडेबारा हजार किलोमीटर, चौदा तासांचं विमान. ढब्बूला पिंजऱ्यात राहायची सवय झाली, की डॉक्टर त्याच्या प्रवासाचा दाखला देणार होता.

घोळ इथेच झाला. ढब्बूला पिंजरा पहिल्याच दिवशी आवडला. आणि तिला डॉक्टर! मग दर आठवड्याला ती खुशाल थाप ठोकून द्यायची, "काय सांगू डॉक्टर, आत ठेवला की सगळी इमारत डोक्यावर घेतो हो!"

"मग घाई नको," तो गंभीरपणे म्हणायचा. "पुढच्या आठवड्यात या."

जायची तारीख दोनदा पुढे ढकलून झाली. आता मात्र तिकडून निर्वाणीचा निरोप आला होता, शनिवारी निघा नाहीतर नोकरी विसरा. त्यात आज डॉक्टरनं पिंजराच घेऊन यायला सांगितलं होतं.

पिंजरा खाली ठेवला मात्र, ढब्बू आपणहून आत शिरला, एक गिरकी घेतली आणि चक्क घोरायला लागला.

"हा ओरडतो?"

"मी ओरडते," ती खाली मान घालून पुटपुटली. "मनातल्या मनात. इतकं लांब जायचं म्हटलं की..."

त्यानं दाखल्यावर सही केली. एकदा तरी थांब म्हणेल असं वाटलं होतं तिला.

"मला ठाऊक होतं," तो म्हणाला. "पिंजऱ्यात धडपडणाऱ्या कुत्र्याची नखं अशी शाबूत नसतात."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही परत यावं म्हणून! जीव जडलाय माझा तुमच्यावर. पण तुमची नोकरी बुडवून नाही... यायचं तर मीच तिकडे यायला हवं. आणि मला—" त्याचे कान लाल झाले. "बंद जागेत जीव गुदमरतो माझा. लिफ्टमध्येसुद्धा."

म्हणजे व्यायामबियाम सगळी थापच होती! तिला हसावं की रडावं कळेना. चौदा तास... कसा येणार हा?

ती पिंजरा घेऊन लिफ्टमध्ये शिरली. तो जिन्यापाशी उभा. दार मिटायला लागलं आणि तिचे डोळे भरून आले... तेवढ्यात फटीत एक हात आला.

तो आत आला. चेहरा पांढराफटक. त्यानं तिची बोटं घट्ट धरली.

"ढब्बूला... सवय कशी लावलीत?"

"रोज थोडी थोडी. जवळ बसून."

तळमजला आला. दार उघडलं. त्यानं मोठा श्वास घेतला, पण बाहेर पाऊल टाकलं नाही.

तिनं पुन्हा चारचं बटण दाबलं.