मगनशेठच्या मोटारीची ताकद

"थांबा काका, आधी वजन भरतो," पुढच्या सीटवर बसलेला पराग म्हणाला आणि काचेवर चिकटवलेल्या काळ्या डबीची बटणे दाबू लागला.

सुकदेवने स्टीअरिंगवरचा हात खाली घेतला. रविवारची सकाळ होती. कारखाने बंद असल्याने शहराबाहेरचा इच्छापोरचा सरळ रस्ता मोकळा होता. रस्त्याच्या कडेला त्या पांढऱ्या अँबॅसडरचे मालक मगनशेठ छत्री उघडून उभे होते, आणि त्यांच्यापासून दहा पावलांवर सुकदेवची मुलगी हर्षदा एक दगड चपलेने उगाच पुढेमागे ढकलत होती.

तिच्या हातात स्टॉपवॉच होते. आज ते कोणाला नको होते. गेली दोन वर्षे आबांनी, म्हणजे सुकदेवने, दुरुस्त केलेली प्रत्येक गाडी दोन खुणांमध्ये धावताना वेळ तिनेच मोजली होती. सातवीत असतानाच ती इंजिनातल्या टॅपेटचा आवाज ऐकून कोणता सैल आहे ते सांगत असे. आणि आता मे महिन्याच्या सुटीत हा पराग उपटला होता. बँकेतल्या प्रकाशकाकांचा मुलगा. त्याच्या परदेशातल्या मामाने ही डबी पाठवली होती.

"ताई, तुझा चेहरा कार्बोरेटरसारखा काळा झालाय," धाकटा भाऊ गजेंद्र म्हणाला.

"तू गप्प बस."

"मला बसवलं असतं तर मी पण बटण दाबलं असतं."

"गजा, एक ठेवून देईन."

गाडी गुरगुरली, झेपावली, दूर गेली आणि वळून परत आली. पराग खिडकीतून डोके काढून सांगू लागला, "शून्यापासून साठ किलोमीटरच्या वेगाला अकरा पूर्णांक चार सेकंद. हॉर्सपॉवर एकेचाळीस."

"एवढ्याशा डबीला कसं कळतं?" मगनशेठनी विचारले.

"शेठजी, गाडी वेग घेते तेव्हा आपण सीटला मागे दाबले जातो ना? हा मीटर तोच दाब मोजतो. त्यावरून वेग दर क्षणाला किती वाढला ते कळतं. आपण त्याला गाडीचं वजन सांगायचं. मग वजन आणि वेगवाढ यांवरून तो इंजिनाची ताकद काढतो. खऱ्या चाचणीचं यंत्र लाखांत जातं. हा एका चांगल्या कॅमेऱ्याच्या किमतीत येतो."

"बऊ सरस, फारच छान," शेठ म्हणाले. मग त्यांनी छत्री मिटली. "सुकदेवभाई, सरळ बोलतो. शेजारच्या दुकानवाल्याने नवी गाडी घेतली. पुलावर रोज मला मागे टाकून जातो, वरून हात हलवतो. तू इंजिन नीट कर. आकडा वाढला तर माझ्या इथल्या मिलच्या सगळ्या गाड्या तुझ्याकडे, आणि कंपाउंडमधली शेड पण तुझी."

पर्वत पाटिया भागात दुसऱ्याच्या गॅरेजात सुकदेवची नऊ वर्षे गेली होती. त्याआधी तो कापडाचे माग, लूम, बसवत असे. स्वतःची शेड हा शब्द त्याने घरात फक्त एकदा उच्चारला होता, आणि तेव्हा हर्षदाची आई शोभाबाई भाकरी थापता थापता थांबली होती.

पुढचे तीन दिवस काम चालले. सुकदेवने इंजिनाचे हेड उतरवले, व्हॉल्व्ह घासून बसवले, टॅपेट जुळवले, कार्बोरेटर उघडून साफ केला. पराग रोज सायकलवर येई आणि आबा त्याला प्रत्येक भाग हातात देऊन दाखवत. "हे बघ बेटा, इथून हवा गळत होती."

हर्षदा पाने पुसत बसे. मीटरला वायर कशी जोडायची हेही आबांनी परागलाच विचारले, तेव्हा तिच्या हातातला दहा-अकराचा पाना खाली पडला.

"आबा, हा टॅपेट अजून वाजतोय," बुधवारी ती म्हणाली.

"वाजू दे. उद्या मीटर सांगेल," आबा हसून म्हणाले. त्यांना काही बोचेल असे बोलायचे नव्हते. पण ते तिला बोचले. थोड्या वेळाने त्यांनी तोच टॅपेट पुन्हा जुळवला, हे तिने पाहिलेच नाही. ती बाहेर निघून गेली होती.

गुरुवारी सकाळी पुन्हा इच्छापोर. शेठचा ड्रायव्हर हेमराज आदल्या रात्री नेलेली गाडी घेऊन आला. गाडी थांबली आणि हर्षदाच्या नजरेस एक गोष्ट पडली. रविवारी मागच्या चाकांच्या वर चार बोटे जागा होती; आज दोनच होती. मागच्या स्प्रिंगच्या पाट्या दबल्या होत्या. डिकीत काहीतरी जड होते.

ती तोंड उघडणार, तेवढ्यात आबा म्हणाले, "पराग, ये रे, तुझ्याशिवाय चालायचं नाही."

तिने तोंड मिटले. चुकू दे त्याची डबी, तिला वाटले. येऊ दे काहीतरी वेडावाकडा आकडा. मग कळेल सगळ्यांना.

परागने रविवारचेच वजन भरले: गाडी, पेट्रोल, काका आणि तो स्वतः, मिळून तेराशे किलो. गाडी धावली, परतली. या वेळी परागने डोके बाहेर काढले नाही.

"काय आला?" शेठनी विचारले.

"अकरा पूर्णांक सहा सेकंद." परागने आकडा पुन्हा पाहिला. "हॉर्सपॉवर चाळीस."

आकडा वेडावाकडा नव्हता. तो अगदी शहाण्यासारखा दिसत होता, आणि सगळ्यांनी त्यावर विश्वास ठेवला. पुन्हा धावून पाहिले, पुन्हा चाळीस.

"तीन दिवस घेतले आणि एक घोडा कमी केला," मगनशेठ शांतपणे म्हणाले. "उद्या दुपारी गाडी दुसऱ्या गॅरेजात जाईल. शेडचं पण मी बीजे, दुसरीकडे बोलतो."

दुपारी डिंडोलीच्या घरी सुकदेव जेवला नाही. भिंतीला टेकून तो बोटांवर मोजत बसला: व्हॉल्व्ह, टॅपेट, जेट, पुन्हा व्हॉल्व्ह. इंजिनाचा आवाज त्याला उत्तम वाटला होता. आता स्वतःच्या कानावरचा त्याचा भरवसा उडाला होता.

"काय व्हयनं वं माय? तू बी जेवनी नही?" त्याने हर्षदाला घरच्या बोलीत विचारले.

ती उठली. तिने गजेंद्रला सायकलच्या मागे बसवले आणि ती थेट परागच्या सोसायटीत गेली. पराग जिन्यावर मीटर मांडीवर घेऊन बसला होता.

"माझ्यामुळे झालं," तो म्हणाला.

"नाही. माझ्यामुळे." एका श्वासात तिने सगळे सांगितले: दबलेल्या पाट्या, मिटलेले तोंड, आणि ते का मिटले तेही.

परागने मीटर बाजूला ठेवला. "तू माझ्यावर जळतेस? अगं, मी तुझ्यावर जळतो. माझे बाबा मला बॉनेटला हातसुद्धा लावू देत नाहीत. तुला ऐकून टॅपेट कळतो. मला या डबीशिवाय काय येतं?"

"दोघंही जळा," गजेंद्र म्हणाला. "पण आबांच्या शेडचं काय?"

परागने वही काढली. "मीटरला आपण तेराशे सांगितले. गाडी खरं तर जास्त ओढत होती. जास्त ओझं ओढताना वेग हळू वाढला, आणि मीटरला वाटलं इंजिनच कमजोर आहे. किती ओझं असेल?"

"दोन बोटं दबली म्हणजे दीडशे किलो तरी असेल. गॅरेजात मी पाहिलंय."

परागने गुणाकार केला, भागाकार केला आणि पेन्सिल थांबवली. "हर्षदा, तुझं दीडशे बरोबर असेल तर इंजिन चाळीसचं नाही. पंचेचाळीसचं आहे."

"वहीतला आकडा शेठ मानणार नाहीत."

"मग त्यांना काय पटेल?"

हर्षदा विचार करू लागली. मिलच्या फाटकाशी ट्रक तोलायचा धरमकाटा होता.

शुक्रवारी सकाळी पहिल्या बसने तिघे मुले आणि सुकदेव इच्छापोरला पोहोचले. एक वजन चुकीचे भरले गेले असे पराग म्हणाला होता, एवढेच सुकदेवला माहीत होते. मिलच्या आवारात अँबॅसडर उभी होती, शेठ निघायच्या तयारीत होते.

"शेठजी," हर्षदा पुढे झाली, "तुम्ही सूत न तोलता घेता का?"

"कधीच नाही. का?"

"मग काल गाडीचं वजन न तोलता आकडा कसा घेतलात?"

शेठनी भुवया उंचावल्या. "बोलली खरी. हेमराज, गाडी काट्यावर घे."

सुकदेव आणि पराग काल बसले होते तसेच बसले. काट्यावरच्या माणसाने चिठ्ठी फाडली. चौदाशे पन्नास किलो.

"दीडशे जास्त?" सुकदेव खाली उतरला. "हेमराज, डिकीत काय आहे?"

"काही नाही."

"उघड."

डिकीत कापडाचे सोळा तागे एकावर एक रचलेले होते. हेमराज सगळ्यांकडे नवलाने पाहू लागला. "हे? हे तर रोजचंच आहे, भाऊ. सकाळी मिलमधून उचलतो, छपाईला टाकतो. रविवारी मार्केट बंद, तेव्हा नसतात. याला कोणी सामान म्हणतं का?"

मगनशेठ डिकीकडे पाहत राहिले. वीस वर्षे त्यांची गाडी तागे घेऊनच धावत होती. त्यांनाही ते दिसेनासे झाले होते.

परागने मीटरमध्ये चौदाशे पन्नास भरले. गाडी तागे घेऊनच रस्त्यावर धावली. वेळ कालचीच, अकरा पूर्णांक सहा. पण हॉर्सपॉवर पंचेचाळीस. मग तागे उतरवले, तेराशे भरले, गाडी पुन्हा धावली. दहा पूर्णांक चार सेकंद, आणि हॉर्सपॉवर पुन्हा पंचेचाळीस.

"बेउ वखत सरखो," शेठ पुटपुटले. "दोन्ही वेळा एकच." ते मोठ्याने हसले. "आता पुलावर मी हात हलवीन. सुकदेवभाई, सोमवारी शेडचं कुलूप उघड. आणि ही पोरगी, तिला मी मुनीम ठेवलं असतं. आम्ही सगळे आंधळे, हिलाच दिसलं."

सगळे तिच्याकडे कौतुकाने पाहत होते. हर्षदाला वाटले, इथेच थांबावे, पुढचे सांगू नये.

"मला कालच दिसलं होतं," ती म्हणाली. "पाट्या दबल्या होत्या. मी बोलले नाही. तुम्ही परागला बोलावलंत, आबा, म्हणून."

मगनशेठनी हसू आवरले. सुकदेव तिच्यासमोर येऊन उभा राहिला. रात्रभर जागून त्याचे डोळे लाल झाले होते.

"मी रातभर मनाच कानले गाळ्या दिन्या," तो हळू म्हणाला. स्वतःच्याच कानांना शिव्या देत त्याने रात्र काढली होती.

"माहीत आहे."

त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो बराच वेळ तसाच राहू दिला. मग त्याने रस्त्याकडेला उतरवलेल्या ढिगाकडे बोट केले. "सोळा तागे. परत भर."

ती वळली.

"पराग, तू पण."

"मी काय केलं, काका?"

"डिकीत काय आहे हे विचारलं नाहीस. मी पण विचारलं नाही." सुकदेवने बाह्या दुमडल्या. "चला, पहिला माझा."

त्याने एक तागा खांद्यावर टाकला. परागने दुसरा पोटाशी कवटाळला आणि दोन पावलांतच तो वाकला.

"असा नाही, खांद्यावर घे," हर्षदा म्हणाली आणि तिने दुसरे टोक धरले.