गंजाच्या बुडाची माती

सकाळीच फोन आला. रामटेकपलीकडच्या जंगलात ट्रेकला गेलेली चार मुलं नागपूरच्या इस्पितळात होती. जुलाब, उलट्या. त्यातल्या मयुरीची मूत्रपिंडं थकली होती.

फौजदार प्रमोदिनी बागडे वॉर्डात शिरल्या आणि त्यांचा रुमाल आपसूक नाकाशी गेला. खाटांखालच्या बादल्या काठोकाठ भरल्या होत्या.

व्हरांड्यात सखूबाई उभी होती. जंगलाच्या पायथ्याशी तिचं घर. मुलांना भाकरी-भरताचे डबे आणि पाणी उकळायला गंज, म्हणजे मोठं पातेलं, तिनंच दिलं होतं. मयुरीचं काही बरंवाईट झालं, तर पहिली तीच तुरुंगात जाणार होती.

"हिच्या भरतानं घात केला, मॅडम," ट्रेकचा लीडर जितेंद्र बोट दाखवत म्हणाला.

"सखूबाई, तुम्ही खाल्लं होतं ते?"

"खाल्लं ना बाई. माह्या नातीनंही खाल्लं. काहीच नाही झालं."

"आणि जितेंद्र, तू?"

"दोन भाकरी हाणल्या. आपलं पोट दगडाचं हाये."

"पाणी कुठलं प्यायलात?"

"नाल्याचं. फडक्यानं गाळलं, सखूबाईच्या गंजात चुलीवर उकळलं. चांगलं वीस मिनिटं! मीबी तेच पेलो."

"दुसरं भांडं होतं?"

"नाही जी. दहा लिटरचा एकच गंज."

आत चौघांतल्या काजलला सलाईन लावलेलं होतं. तिचा आवाज कसाबसा फुटला. "आम्ही टेकडीवर गेलो होतो. पाऊण तासात खाली आलो. जितेंद्र सर म्हणे, उकळलं हाये, प्या. थंडगार होतं. वास येऊन राहिला होता, तर म्हणे, पाल्याचा हाये."

गंज अजून ट्रेकच्या जीपमध्येच होता, झाकलेला. तळाला थोडं पाणी उरलं होतं. प्रमोदिनींनी झाकण काढलं आणि झटकन मान फिरवली. मग गंज उचलून बूड पाहिलं. पिवळ्या मातीचा लेप वाळून तडकला होता.

त्यांनी पेलाभर पाणी जितेंद्रपुढे धरलं.

"उकळलेलं आहे ना? पी."

जितेंद्रनं पेला तोंडाशी नेला. तिथंच त्याला भडभडून ओकारी आली.

"चुलीवर ठेवायच्या आधी बाया गंजाच्या बुडाला माती लावतात," प्रमोदिनी म्हणाल्या, "म्हणजे काजळी घासत बसावं लागत नाही. सखूबाईंनी सवयीनं लावूनच दिली. वीस मिनिटं जाळ लागला असता, तर ही माती काळीठिक्कर झाली असती. ती पिवळीच आहे. आणि दहा लिटर उकळतं पाणी पाऊण तासात थंडगार होत नाही. तू चूल पेटवलीच नाहीस. प्यायलाही नाहीस. काय होतं नाल्यात?"

"वानर," तो पुटपुटला. "मेलेलं, फुगलेलं. मले दिसलं होतं. पण लाकडं ओली होती, दुसरा झरा तीन किलोमीटर. माह्यापाशी माही बाटली होती."

प्रमोदिनींना त्याच्याकडे बघवेना. मेलेल्या वानराची घाण साबणानं तरी जाते. त्यांनी वानराचं सांगायला शिपायाला डॉक्टरांकडे पिटाळलं आणि जितेंद्रला बेडी घातली.

"काहून गा," सखूबाई म्हणाली, "माह्या घरी कोरडी लाकडं होती. मागाले काय झालं होतं तुले? पोरगी जाते की राहते, कोणाले ठाऊक."

जितेंद्रचं तोंड ओकारीनं बरबटलेलं होतं. त्यानं चूळ भरायला पाणी मागितलं. कुणी हललं नाही.

शेवटी सखूबाईनंच पिशवीतून बाटली काढली.

"घे," ती म्हणाली. "उकळून आणलं हाये."