गारकड्याचं मॉस

पाणी मिळालं नाही की रोप वाळतं, हे शाल्मलीला कुणी शिकवायची गरज नव्हती. स्वतःच्या हलगर्जीपणाने तिने दोन तुळशी तशाच घालवल्या होत्या. पण गारकड्याची गोष्ट अगदी उलटी होती. गेल्या वर्षी तिथे नेहमीपेक्षा जास्त वेळा पाऊस पडला, अगदी भर उन्हाळ्यातसुद्धा सरी आल्या. आणि तरीही कड्यावरचं मॉस (दगडांवर आणि खोडांवर मखमलीसारखी पसरणारी इवलीशी वनस्पती, आपण तिला सरसकट शेवाळं म्हणून मोकळे होतो) काळं पडून मेलं.

"पाणी मिळूनही मेलं? असं कसं गं आत्या?"

"तेच कळलं असतं तर मी अशी डोकं धरून बसले असते होय?" आत्या म्हणाली.

आत्या म्हणजे डॉ. यामिनी घोरपडे, विद्यापीठाच्या हर्बेरियमची (वाळवलेल्या वनस्पती जपून ठेवायच्या संग्रहालयाची) प्रमुख. भाचीचं नाव शाल्मली, म्हणजे सावर, हे तिनेच ठेवलेलं. एवढ्या भारदस्त वृक्षाचं नाव ठेवलं, पण मुलगी निघाली वाऱ्यावरच्या कापसासारखी. एका जागी पाच मिनिटं बूड टेकेल तर शपथ! आईबाबा समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या दुरुस्तीला गेले होते, म्हणून सहामाहीच्या सुट्टीत ही पायाला भिंगरी लावलेली पोर आत्याच्या गळ्यात पडली होती. आणि हर्बेरियम ही तर जगातली सर्वांत शांत जागा. कपाटं, कपाटांत खण, खणांत कागदाची घडी घालून केलेली हजारो पाकिटं आणि प्रत्येक पाकिटात चिमूटभर वाळकं मॉस.

तिला तिथे करमायचं एकच कारण होतं, टिपणीस. टिपणीस हा यंत्रमानव होता. दिवसभर टिपणं करतो म्हणून विद्यार्थ्यांनी त्याला हे नाव ठेवलं होतं. चार हात, खाली चाकं आणि आवाज बँकेतल्या जुन्या कारकुनासारखा. संग्रहातल्या प्रत्येक पाकिटाची सूची करायचं काम त्याच्याकडे होतं. पाकीट उघडायचं, मॉस काचेच्या बशीत ठेवायचं, वर पाण्याचा फवारा मारायचा. मग आकसलेली पानं भराभर उलगडायची, फोटो निघायचा, गरम हवेच्या झोताने मॉस वाळायचं आणि नवा क्रमांक घेऊन पुन्हा पाकिटात जायचं.

फवारा मारायचं काम शाल्मलीने हट्टाने मागून घेतलं होतं. ते पानं उलगडणं बघताना तिला इतका आनंद व्हायचा की एकदा बघून भागायचंच नाही.

"पुन्हा एकदा वाळव ना, टिपणीस! पुन्हा भिजवू."

"सूचीला एकदाच पुरेसं आहे. तथापि मनाई नाही," टिपणीस म्हणायचा.

त्या सकाळी गारकड्याचा खण निघाला. आत तीनच पाकिटं होती. शाल्मलीचा जन्म झाला त्या वर्षी आत्याने एकाच गुच्छाचे तीन भाग करून ती ठेवली होती. हे मॉस गारकड्याशिवाय आणखी कुठे कुणाला सापडलेलं नव्हतं. पहिल्या पाकिटाचं काम टिपणीसाने नेमाने उरकलं. दुसऱ्याला शाल्मलीने भिजवलं, वाळवायला लावलं, पुन्हा भिजवलं, असं पाच-सहा वेळा तरी केलं. ती तिसऱ्या पाकिटाकडे हात नेणार एवढ्यात दारातून आत्या ओरडली, "थांब! हात लावू नकोस!"

शाल्मलीने दचकून हात मागे घेतला. आत्या कधी ओरडत नसे.

"माझीच चूक झाली," आत्या धापा टाकत म्हणाली. ती जिन्याने पळत आली असावी. "रात्रभर विचार करत होते. कड्यावरचं सगळं गेलं, पण इथल्या पाकिटांत एखादा जीव शिल्लक असेल का? आत्ता येताना आठवलं, आज तोच खण आहे."

"पण हे सगळे नमुने जिवंतच आहेत," टिपणीस म्हणाला. "पाणी मिळताच त्यांची पाने उलगडतात. मी तशी नोंद केली आहे."

आत्या खुर्चीत बसली. "शालू, चहा करताना पत्ती पाण्यात टाकली की काय होतं?"

"फुगते. पानं उलगडतात."

"मग ती जिवंत होते?"

शाल्मलीला हसू आलं आणि लगेच थांबलं. इतके दिवस आपण मेलेल्या पानांचा नाच बघत होतो की काय!

आत्याने कपाटातून टॉर्चएवढं एक यंत्र काढलं. "हा चमकमापक. पानातलं हरितद्रव्य (पानाला हिरवा रंग देणारा आणि उजेड पकडणारा पदार्थ) उजेड पकडतं, पण सगळाच वापरत नाही. थोडा तांबूस चमक बनून बाहेर पडतो. आपल्या डोळ्यांना ती दिसत नाही, याला दिसते. जिवंत पान थोडा वेळ अंधारात ठेवायचं आणि एकदम निळा उजेड टाकायचा. आधी चमक झपकन वर जाते, मग पानाचं अन्न बनवायचं काम सुरू झालं की उजेड तिकडे खर्ची पडतो आणि चमक उतरते. म्हणजे पडद्यावर रेघ चढली पाहिजे आणि उतरली पाहिजे. मेलेल्या पानाची रेघ सपाट."

पहिल्या पाकिटातल्या मॉसची रेघ सपाट आली. दुसऱ्याचीही तशीच.

"मी मारलं?" शाल्मलीने विचारलं.

"आधीच मेलेलं असेल. नसेलही." आत्या खोटं बोलून समजूत घालणाऱ्यांतली नव्हती. "पण ही भिजवायची पद्धत टिपणीसाला मीच लिहून दिली. आम्ही मॉसवाले पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आलो. पाकीट उघडा, भिजवा, बघा, वाळवा. हर्बेरियममधलं सगळं मेलेलंच असतं अशी आमची ठाम समजूत. मेलेल्याला काय फरक पडतो?"

"पण जिवंत असेल तर पाण्याने त्याला बरंच वाटेल ना?"

आत्याने तिला जवळ ओढलं आणि हळूहळू सांगायला सुरुवात केली. मॉसला खरी मुळं नसतात. ते पानांनीच पाणी पितं, आणि पानांतूनच ते उडूनही जातं. भोवती ओल असली की ओलं, नसली की कोरडं. इतर रोपं कोरडी झाली की मरतात, पण काही मॉस सगळी कामं बंद करून नुसती पडून राहतात. श्वास नाही, वाढ नाही. त्याला सुप्तावस्था (जीव राखून सगळे व्यवहार थांबवणं) म्हणतात.

"मग पाणी आलं की उठतं," शाल्मली म्हणाली.

"उठतं. पण उठल्या उठल्या जेवायला मिळतं का? वाळताना पेशींची (जिवाच्या अगदी छोट्या घरांची) आवरणं फाटलेली असतात. आधी ती दुरुस्त करायची. त्यासाठी अंगात साठवलेली साखर खर्च होते. नवीन अन्न तयार व्हायला लागतं ते त्यानंतर. समज, तू उठलीस, घर झाडलंस, चूल पेटवलीस, आणि पहिली भाकरी तव्यावर पडायच्या आत कुणीतरी चूल विझवली. सरपण गेलं, भाकरी नाहीच. असं दहा वेळा झालं तर?"

शाल्मली ताडकन उठली आणि खोलीत येरझाऱ्या घालू लागली.

"आत्या! उन्हाळ्यातल्या सरी! कड्यावर किती वेळ पडत होत्या?"

"किती वेळा ते माहीत आहे. किती वेळ..." आत्याचं वाक्य अर्धंच राहिलं. "दगडावर ओल किती वेळ टिकली, ते तिथल्या संवेदकात (वातावरणातले बदल टिपणाऱ्या उपकरणात) असेल. मी फक्त एकूण पाऊस बघत बसले."

"पटकन सर आली, पटकन ऊन पडलं. मॉस प्रत्येक वेळी उठलं आणि प्रत्येक वेळी उपाशी झोपलं. मी केलं तसंच!"

आत्याने तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

तिसरं पाकीट मग फार जपून उघडलं गेलं. फवारा नाही. आधी नुसती दमट हवा, मग बशीच्या कडेने थेंब थेंब पाणी, मंद उजेड, गारवा. आता किती दिवस ते असंच ओलं ठेवायचं, हे आत्यालाही सांगता येईना. "रोज एकदाच मापायचं, आणि हात लावायचा नाही," तिने बजावलं.

पहिल्या दिवशी रेघ सपाट होती. दुसऱ्या दिवशीही सपाट. शाल्मलीचा जीव टांगणीला लागला. ती बशीभोवती घिरट्या घाली, खिडकीशी जाई, परत येई. थोडं जास्त पाणी घालावं का? दिवा जवळ आणावा का? तिच्या हातांना नुसती खाज सुटली होती. शेवटी तिने दोन्ही हात फ्रॉकच्या खिशात कोंबून ठेवले.

तिसऱ्या दिवशी आत्या संवेदक आणायला गारकड्यावर गेली. तिथे फोनला रेंज नसते. संध्याकाळी हर्बेरियम बंद करायची वेळ झाली, तसा टिपणीस गरम हवेची नळी घेऊन बशीकडे सरकला.

"काय करतोयस?"

"दिवसअखेरची आवराआवर. भिजलेले नमुने वाळवून पाकिटात ठेवणे."

"याला नाही! आत्याने सांगितलंय!"

"त्यांनी मापण्याविषयी सांगितले. आवराआवरीच्या नियमात बदल केलेला नाही. गेले दोन दिवस त्या स्वतः येथे होत्या व मला थांबवत होत्या. नियम फक्त त्याच बदलू शकतात."

शाल्मली बशीसमोर हात पसरून उभी राहिली. टिपणीसाचे दोन हात अत्यंत अदबीने तिच्या डाव्या-उजव्या बाजूने पुढे आले. त्याला ढकलणं म्हणजे कपाट ढकलणं. रडू फुटायच्या बेतात होतं. पण रडून यंत्र थांबत नाही, हे तिला चांगलं ठाऊक होतं. तिने ओठ चावला आणि स्वतःला बजावलं, घाई नको, विचार कर.

"टिपणीस, काम चालू असलेला नमुना तू वाळवतोस?"

"नाही. काम पूर्ण झालेलाच."

"पूर्ण कधी होतं?"

"फोटो काढल्यावर."

"याचा फोटो काढलास?"

नळी हवेतच थांबली. "आवराआवरीच्या आधी मी तो काढून घेतो."

"नियमात लिहिलंय का, कसा काढायचा?"

"पाने पूर्ण उलगडलेली असताना."

"मग नीट बघ. टोकाची पानं अजून मिटलेलीच आहेत."

टिपणीसाने भिंग खाली आणलं आणि बराच वेळ पाहिलं.

"खरे आहे," तो म्हणाला. "काम अपूर्ण. नमुना ओला राहील." आणि त्याने नळी जागेवर अडकवली. शाल्मली तिथेच फरशीवर बसली, आणि बसूनच राहिली.

चौथ्या दिवशी आत्या परतली तेव्हा तिच्याजवळ संवेदकातले आकडे होते. उन्हाळाभर सर येऊन गेली की दगड तासाभरात कोरडा ठणठणीत व्हायचा. शाल्मलीचं म्हणणं खरं ठरलं होतं. आत्याने आधी टिपणीसाचा नियम बदलला आणि मगच पायातले बूट काढले.

"रेघ?" तिने विचारलं.

"तू गेल्यापासून मापली नाही. तू येईपर्यंत थांबले."

आत्याने भाचीकडे जरा निरखून पाहिलं. मग दोघींनी बशीवर काळं कापड टाकलं, वाट पाहिली आणि निळा उजेड सोडला.

रेघ थरथरली आणि किंचित वर चढली, नखभर असेल. मग हळूच, अगदी सावकाश, खाली उतरायला लागली.

"आत्या..."

आत्याने चष्मा काढला. तिचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायची तिने काही खटपट केली नाही. "आहे गं," ती म्हणाली. "जिवंत आहे."

त्यानंतर दोघी भान हरपून बोलत सुटल्या. आधी हे बशीत वाढवायचं. मग कड्याच्या सावलीतल्या एका कपारीत नखाएवढा तुकडा लावायचा. उन्हाळी सर आली की लगेच वर धुक्याचा फवारा सुरू करायचा, म्हणजे मॉसचं पोट भरेपर्यंत दगड ओला राहील. तो सुरू करायचं यंत्र टिपणीसाने बनवायचं, असंही ठरून गेलं.

"मग पूर्ण कडा पुन्हा हिरवा कधी होईल?" शाल्मलीने विचारलं.

आत्या जरा घुटमळली. "मॉस फार हळू वाढतं, शालू. वीस वर्षं लागतील. पंचवीससुद्धा. मी तेव्हा असेन-नसेन."

शाल्मलीने बशीत वाकून पाहिलं. एका टोकाला, काळपट पानांमध्ये, मोहरीच्या दाण्याहूनही छोटा पोपटी ठिपका दिसत होता. तिने त्याला हात लावला नाही.

"मी असेन," ती म्हणाली. "मी थांबते."