निचरा समाधानकारक आहे

झड लागून आठवडा होत आला होता. उमरीच्या पुढं, रेल्वेलाईनखालच्या भुयारी रस्त्यात पाणी तुंबलं होतं... गढूळ, गार, मोठ्या माणसाच्या छातीला लागेल एवढं. हायस्कूल अलीकडं, पोरींचं गाव पलीकडं. शाळा सुटली होती, आणि दीपाली मुलींचा घोळका घेऊन पाण्याच्या कडेला उभी होती. ती त्यांना मराठी शिकवायची. अशा दिवसांत घरी पोचवायचीही.

मागून एक पांढरी गाडी आली आणि थांबली. खाली उतरला तो धम्मानंद. हदगावचा, वकिली सोडून राजकारणात पडलेला, पहिल्यांदाच लोकसभेत गेलेला विरोधी पक्षाचा तरुण खासदार. पलीकडच्या गावात त्याचा सत्कार होता. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा सदरा.

"मॅडम, पोरींना गाडीत बसवा. लांबच्या फाटकावरून फिरवून सोडतो."

"आज सोडाल. उद्या?"

त्यानं गाडीचं मागचं दार उघडून धरलं.

"उद्या तुमचा सत्कार दुसऱ्या गावात असंल, साहेब. पोरी इथंच असतील."

मागचा कार्यकर्ता मुद्दाम खाकरला. धम्मानंदनं मात्र पहिल्यांदाच तिच्याकडं नीट पाहिलं. कपाळाला चिकटलेली ओली बट, पिळून खोचलेली ओढणी, आणि नजर... जराही न झुकणारी.

"पाणी किती हाय?"

"उतरून बघा की."

बोलायच्या भरात बोलून गेली ती. पण तो खरंच उतरला! गुडघे बुडाले, कंबर बुडाली, पाणी छातीला लागलं, पांढरा सदरा चहाच्या रंगाचा झाला. पलीकडं जाऊन तो परत आला, तेव्हा मुली तोंडावर हात दाबून हसत होत्या.

"बघितलं," तो धापा टाकत म्हणाला. "खिशात मोबाईल होता, तेवढा विसरलो."

दीपालीलाही हसू आवरेना.

"हसा. पण या प्रश्नाचा पाठपुरावा करायचा तर तुमचा नंबर लागंल... आता कशात घेऊ?"

"माझ्या पर्समधलं सगळं भिजलंय."

"मग तोंडी सांगा. पाठ करतो."

तिनं सांगितला. गाडीत मुली दाटीवाटीनं बसल्या, गाडी लांबच्या फाटकाकडं निघाली, आणि पुढच्या सीटवर पाण्यानं निथळणारा खासदार परवचा म्हणावा तसा तो नंबर घोकत बसला. खिडकीबाहेर बघत दीपाली ते ऐकत होती. हसू दाबून दाबून तिचे गाल दुखले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला.

धम्मानंदनं लोकसभेत लेखी प्रश्न टाकला. अधिवेशनाच्या शेवटी शेवटी उत्तर आलं, ते त्यानं तिला फोनवर वाचून दाखवलं. "सदर भुयारी मार्ग वाहतुकीसाठी खुला असून पाण्याचा निचरा समाधानकारक आहे."

दीपालीनं हातातला लाल पेन टेबलावर आपटला.

"मॅडम? रागावलात?"

"समाधान कुणाचं झालं, तेवढं विचारा त्यांना."

"हे सभागृहात वापरू?"

"वापरा. माझं नाव मात्र नको."

मग फोन होतच राहिले. कारण पाण्याचं असायचं, बोलणं भलतीकडंच जायचं. तो भाषण वाचून दाखवायचा, ती चुका काढायची.

"ते 'सदर' आधी काढा बरं. माणसासारखं बोला."

"तुमच्या वर्गात बसलो असतो तर नापासच झालो असतो."

"न्हाई. काठावर पास केलं असतं... वागणूक बरी हाय म्हणून."

दिवाळी झाली. पाऊस कधीच थांबला होता, पण झिरपा सुरूच होता आणि पाणी हटायचं नाव घेत नव्हतं. लोकांच्या तोंडांचंही तसंच. मास्तरीणबाईसाठी खासदार पाण्यात उतरला, असली वाक्यं मोबाईलवरून फिरू लागली आणि देगलूरला तिच्या वडलांपर्यंत पोचली. गुरुपादप्पांचं भुसार मालाचं दुकान. माणूस सत्ताधारी पक्षाचा जुना मतदार, आणि शब्दाला पक्का.

"दीपा, लोक काय बोलून राहिले, ठाऊक हाय का तुला?"

"ठाऊक हाय, अप्पा. पाण्याबद्दल कुणीच बोलून न्हाई राहिलं, एवढंच वाईट वाटतं."

अप्पांनी फोन ठेवला. दीपालीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं धम्मानंदला सगळं सांगितलं.

"मी फोन बंद करतो," तो सावकाश म्हणाला. "तुम्हाला माझ्यापायी त्रास नको. प्रश्न मात्र सोडणार न्हाई."

"फोन कुणी बंद करायला सांगितला?" ती एकदम म्हणाली. त्या रात्री मग फोन लवकर कुणीच ठेवला नाही.

हिवाळी अधिवेशनात प्रश्न तोंडी उत्तरासाठी लागला. धम्मानंदनं शाळेला निमंत्रण धाडलं. मुख्याध्यापक, काही मुली आणि दीपाली सचखंड एक्सप्रेसनं दिल्लीला गेले. प्रेक्षक गॅलरीत मोबाईल नेता येत नाही, बोलता येत नाही, टाळी तर मुळीच नाही. ती श्वास रोखून खाली बघत राहिली. केवढं ते सभागृह! आणि मागच्या बाकांवर, हदगावचा तो एकटा.

रेल्वेमंत्री उठले आणि तेच वाक्य वाचून खाली बसले. निचरा समाधानकारक आहे.

धम्मानंद उभा राहिला. "अध्यक्ष महोदय, मी माझ्या मराठीत बोलतो. समाधान कुणाचं झालं?"

समोरच्या बाकांवरून कुणीतरी मराठीतच ओरडलं, "मास्तरीणबाईंचं झालं का?"

हशा उठला. दीपालीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. मुली तिच्याकडं बघत होत्या. आता हा गडबडणार, तिला वाटलं... किंवा चिडणार.

धम्मानंदनं हशा विरू दिला.

"सन्माननीय सदस्य खरं बोलले. मला त्या पाण्यात एका शिक्षिकेनं उतरवलं. त्याची मला लाज नाही, अभिमान आहे. लाज याची वाटावी, की आमच्या लेकी छातीभर पाण्यातून शाळेत जातात आणि सरकारचा कागद कोरडा राहतो. मंत्र्यांनी एवढंच सांगावं. हे उत्तर लिहिणारा माणूस तिथं गेला होता का? हो की नाही?"

मंत्र्यांनी कागद चाळले. "माहिती मागवून..."

"हो की नाही?"

विरोधी बाकं धडाधड वाजू लागली. अध्यक्षांनी मंत्र्यांकडं पाहिलं. शेवटी मंत्री म्हणाले, "उत्तर तपासून घेऊ. चूक असेल तर याच सभागृहात दुरुस्त करू."

दीपालीचे हात टाळीसाठी उठलेच होते. शेजारच्या सुरक्षारक्षकानं नजरेनंच दटावलं. तिनं ते हात एकमेकांत घट्ट गुंफून छातीशी धरले. आत काहीतरी वाजत होतं, ते थांबवणं मात्र तिच्या हातात नव्हतं.

मुली बाहेर कोवळ्या उन्हात फोटो काढत होत्या, तेव्हा तो जवळ आला.

"नाव नको म्हणलं होतं मी," तिनं भुवई उंचावली.

"नाव कुठं घेतलं? शिक्षिका म्हणलो."

"साऱ्या देशानं ऐकलं."

"अभिमान वाटतो, हे बी ऐकलं का?"

ती ओढणीशी चाळा करत राहिली. "ऐकलं... पुढचं काही राहिल्यासारखं वाटलं."

"तिथं वेळ कमी असतो."

"इथं कुणी घंटा वाजवून न्हाई राहिलं, साहेब. बोला."

सभागृहात न अडखळलेला माणूस इथं अडखळला. "दीपाली..." मॅडमशिवाय पहिल्यांदाच. "मला... म्हणजे, आयुष्यभर कुणीतरी असंच विचारायला पायजे. 'उतरून बघा' म्हणणारं. तू असशील का?"

तिनं वर पाहिलं. "हाव," तिनं होकार दिला. एवढंच. पण ते ऐकताना त्याचे डोळे भरून आले, आणि ते लपवायला तो उगाच डोळ्यांवर ऊन आल्यासारखं करू लागला.

अधिवेशन संपायच्या आत मंत्र्यांनी उत्तर दुरुस्त केलं. पाणी साचतं, हे सरकारनं सभागृहात उभं राहून मान्य केलं. माघी उन्हात नाली खोदायला यंत्रं आली, पंप बसला. मुली कोरड्या पायांनी शाळेत येऊ लागल्या.

आणि धम्मानंद देगलूरला गेला. एकटाच.

मल्लम्मानं, दीपालीच्या आईनं, दारातच "बरी, बरी" असं कानडीत 'या, या' म्हणत स्वागत केलं आणि पाणी दिलं. गुरुपादप्पा मात्र लोडाला टेकून गंभीर बसले होते.

"आमची जात येगळी, तुमची येगळी. लोक बोलतील."

"बोलतील. मी उत्तर देईन."

"मी तुमच्या पक्षाला कधी मत दिलं न्हाई."

"ठाऊक हाय, अप्पा."

"पुढं बी देईन असं न्हाई."

"नका देऊ. चुकलो तर सगळ्यांसमोर विचारा मला."

गुरुपादप्पा लोड सोडून पुढं सरकले. "त्या दिवशी टीव्हीवर बघितलं मी," ते हळू आवाजात म्हणाले. "माझ्या लेकीवर हसले लोक. तुम्ही मान खाली घातली न्हाई... तिची बी घालू दिली न्हाई. दुकानातल्या समद्यांना सांगितलं मी, ती शिक्षिका माझी लेक हाय म्हणून."

मग त्यांनी आतल्या दाराकडं मान वळवली. "दीपा, तुझं काय म्हणणं हाय?"

दीपाली बाहेर आली. धम्मानंदकडं न बघता वडलांसमोर ताठ उभी राहिली.

"माझं मत मी दिल्लीतच देऊन आले, अप्पा. आता मोजणी तुमची."

गुरुपादप्पा मोठ्यानं हसले. आतून मल्लम्मानं विचारलं, "काय झालं हो?"

"काय होणार?" ते म्हणाले. "माझ्याच घरात विरोधी पक्ष निवडून आला. साखर आण!"