दोन चॅनलचा डबा

आवाजाची रेघ पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप कुठला घ्यावा, यावर बाबूने बराच काथ्याकूट केला. केस पिकले तरी आईसाठी तो बाबूच. तिच्या आजारपणात नोकरी सुटली, आणि ॲम्प्लिफायर जोडायचा जुना छंद तेवढा त्याच्याजवळ उरला. आईचा आवाज खोल गेला होता. म्हणून त्याने तिच्या उशाशी आणि आपल्या टेबलावर एकेक माइक नि स्पीकर बसवला. तिची हाक इकडे यायची, त्याचं ‘आलो’ तिकडे जायचं. पण त्यात कुठूनशी घरघर शिरली होती आणि नुसत्या कानांनी ती सापडेना.

“आवाजाच्या कामाला टेबलभर धूड कशाला?” रेडिओ दुरुस्त करणारा मित्र म्हणाला. “साबणाच्या वडीएवढा डबा मिळतो, कॉम्प्युटरला जोडायचा. फक्त दोन चॅनलचा घे, एकदम दोन रेघा दाखवणारा. एकावर भागत नाही.”

डबा आला. घरघर एका सैल तारेत निघाली. पण बाबूला पडद्यावरच्या रेघा बघत बसायची सवय लागली; दमलेल्या माणसाला तेवढंच जमतं. पिवळी रेघ आईची, निळी त्याची. आईने “बाबू” म्हटलं की पिवळीवर दोन टेकड्या उठत, मग निळीवर त्याचं ‘आलो’ उमटे. एरवी निळीवर त्याच्या श्वासाची बारीक थरथर असे.

एका दुपारी टेकड्या आधी उठल्या आणि हाक नंतर आली.

“कॉम्प्युटर मागे रेंगाळतो, पुढे पळत नाही,” मित्र म्हणाला. “झोप काढ जरा.”

झोपायला सवड होती कुणाला! अंतर वाढतच गेलं. टेकड्या दिसल्यावर भांडी विसळून, हात पुसून बाबू टेबलाशी येई, तेव्हा कुठे हाक येई. एकदा तर टेकड्या पाहून तो मुद्दाम आईजवळ जाऊन बसला. ती गाढ झोपलेली. कंटाळून परतला, खुर्चीत टेकला, आणि हाक आली.

“हाक मारायचा अवकाश, आलो म्हणतोस,” आई म्हणाली. “झोपतोस तरी का रे?”

मग एक दिवस निळीवर उंच सुळका उठला, काहीतरी जड जमिनीवर पडावं तसा. त्यानंतर ती सरळ झाली. थरथरसुद्धा नाही.

पिवळीवर दोन टेकड्या. पुन्हा दोन. पुन्हा दोन.

स्पीकरमधून मात्र आईचं संथ घोरणं येत होतं.

बाबूने छातीवर हात ठेवून पाहिला; श्वास अजून चालू होता. पाठोपाठ वाटलं, सुटलो एकदाचा. त्याची त्याला फार लाज वाटली. आईला पाणी कोण देणार?

त्याने ताईला फोन लावला. “आज येशील?”

“आज कसं जमेल रे? काय झालं?”

“काही नाही.”

त्याने पाण्याची बाटली आईच्या हाताशी ठेवली, बाहेरच्या दाराची कडी काढली. आईला जाग आली.

“दार का उघडं टाकलंस?”

“असू दे. कुणी आलं तर...”

“आपल्याकडे कोण येतंय?”

तो टेबलाशी परतला. पिवळीवर अजून टेकड्या उठत होत्या, दोन, दोन. फक्त आता बुटक्या होत चालल्या होत्या.