त्याचा स्वतःचा आवाज

"केज-धारूर गाडी फलाट तीनवर लागत आहे..."

एस.टी. स्टँडवर आवाज आला तशी मी पिशवी उचलून धावले. फलाट रिकामा! मागं वळले, तर बाकावर एक पोरगा ओठ दाबून हसत होता.

"तुमी केलं हे?"

तो पुन्हा हुबेहूब कंट्रोलरच्या आवाजात म्हणाला, "प्रवाशांना झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत."

राग यायला हवा होता... आलं ते हसू. "नाव काय तुमचं?"

त्याचं हसू मावळलं. "र... र... रविराज."

रविराज लहानपणापासून अडखळायचा. पोरं चिडवायची. मग तो माणसं न्याहाळायला लागला. कंडक्टर, पुढारी, भाजीवाली... कोण कुठं श्वास घेतं, कुठं हात उडवतं. त्यांच्यासारखं बोलताना त्याची जीभ कधी अडायची नाही.

मी तेव्हा केजला बी.एड. करत होते. त्या संध्याकाळी अजून आठवतात — भज्यांचा वास, गार वारं, आणि गाडी येईपर्यंत मला हसवणारा तो. एकदा त्यानं माझीच नक्कल केली... ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत, तिरकं बघत. मी लाजले. इतकं बारीक मला कुणी पाहिलंच नव्हतं.

मग घरी मला बघायला पाहुणे यायचं ठरलं. त्याला सांगितलं. तो पुढाऱ्यासारखा हात उंचावून म्हणाला, "बंधू-भगिनींनो, या पोरीवर माझा लई जीव हाय—"

"दुसऱ्याच्या आवाजात नगं." माझे डोळे भरले. "तुझ्या आवाजात सांग."

"म... मला... तू..."

तेवढ्यात माझी धारूरची गाडी खरंच लागली. लोक चढले. पुढचा शब्द मला ठाऊक होता, पण मी तो पुरवला नाही. त्याच्याकडं बघत उभी राहिले. गाडी निघून गेली.

"...प... पाहिजेस."

माझ्या वडलांपुढं, म्हणजे आबांपुढंही तो तसाच बोलला. लई वेळ लागला. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि पाहुण्यांना फोन केला, "येऊ नगा."

परवा आबा आमच्याकडं जेवायला होते. एका जुन्या मित्राचं नाव आठवता आठवता अडकले. मी सांगणार, तोच आमच्या लेकीनं माझा हात दाबला आणि आबांकडं बघत शांत बसून राहिली. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं.

रविराजनं माझ्याकडं पाहिलं. ताटातलं जेवण निवत होतं... पण कुणालाच घाई नव्हती.