भिंगांच्या पेटीतली चिठ्ठी

मेलेल्या माणसाची चिठ्ठी त्याच्या मृत्यूनंतर दोन दिवसांनी पोहोचली, आणि तिने त्याच्याच मुलाकडे बोट दाखवले.

मास्तरांसमोर बसलेल्या बाईंनी हे एका दमात सांगितले. मास्तरांनी बारा वर्षे तर्कशास्त्र शिकवले होते. पुढे त्यांनी खाजगी तपासाचा व्यवसाय धरला, तरी लोकांनी दिलेले नाव काही सुटले नाही. खिडकीपाशी त्यांचे मेहुणे बसले होते. ते प्रत्येक तपासात हजर असत आणि प्रत्येक वेळी चुकीच्या माणसावर संशय घेत.

"पाच वाजता दादाला अटक करणार आहेत," बाई म्हणाल्या. "आता दोन वाजलेत."

त्यांनी चिठ्ठीचे छायाचित्र पुढे केले. मास्तरांनी ते मोठ्याने वाचले : "'आज मुलाने मला स्पष्ट सांगितले की, मी वाटेतून दूर झालो नाही तर तो मला दूर करील. मला आता जिन्याची भीती वाटते. माझे काही बरेवाईट झाले, तर ही चिठ्ठी जपून ठेवावी.' आणि वडील गेले ते कसे?"

"कारखान्यातल्या लोखंडी जिन्यावरून पडून. सव्वाचारला खाली सापडले. डॉक्टर म्हणतात, ढकललेलं आहे."

"ही चिठ्ठी कुणाला आली?"

"सूक्ष्मदर्शकं विकणारे एक व्यापारी आहेत, आमचे सगळ्यांत जुने गिऱ्हाईक. आमचा भिंगांचा कारखाना. जाणाऱ्या प्रत्येक पेटीत, कापसावर, बाबांच्या हातची एक चिठ्ठी असते. माल काय, कुठेही मिळतो. लोक आमच्याकडे टिकले ते त्या चिठ्ठ्यांमुळे. कुणाची मुलगी परीक्षेला बसली, कुणाचा पाय मोडला, सगळं बाबांच्या लक्षात असायचं."

"अक्षर त्यांचंच?"

"तज्ज्ञांनी गिऱ्हाइकांकडच्या साठ चिठ्ठ्यांशी ताडून पाहिलं. तंतोतंत."

"आणि घरातल्या कागदांशी?"

"घरात बाबांनी लिहिलेलं काही नसतंच. इतर कागदांवर सहीचा शिक्का मारायचे." त्या किंचित हसल्या. "म्हातारपणाचे चाळे हो! बटणांचे सदरे बंद, डोक्यावरून घालायचेच हवेत. दाढीला न्हावी घरी. चहा दिला तर म्हणायचे, अर्धाच कप भर, पोरी, उतू नको जाऊस माझ्यावर."

मेहुणे हसले. मास्तर हसले नाहीत. "तुमच्या बाबांच्या डॉक्टरांचा नंबर द्या," ते म्हणाले.

फोन दोन मिनिटांत संपला. त्यावर काय बोलणे झाले, हे मेहुण्यांनी वाटेत तीनदा विचारले आणि तिन्ही वेळा त्यांना रस्ता ओलांडताना सांभाळायला सांगण्यात आले.

कारखान्यावर शोककळा असली तरी भिंगे घासायची चाके फिरत होती. भिंगांना चकाकी देणारी तांबडी भुकटी भिंतींवर, दारांच्या मुठींवर, माणसांच्या पापण्यांवरसुद्धा बसलेली होती. चाकांची घरघर एवढी की, शेजारच्याने हाक मारली तरी ऐकू जाऊ नये. माळ्यावर मालकांची दुधी काचेची केबिन होती आणि तिच्या दारातून तो अरुंद जिना सरळ फरशीवर उतरत होता. मेहुण्यांनी वर पाहिले आणि कठड्याला घट्ट धरले.

मुलगा आपल्या खोलीत होता, दारात शिपाई.

"भांडण झालं, नाही कुठे म्हणतो?" तो म्हणाला. "मी म्हटलं, चिठ्ठ्या पुरे, छापील कार्डं घालू. कुठवर खपणार? ते चिडले. तीनला मी खाली आलो आणि इथेच एकटा बसलो. साक्षीदार नाही, माहीत आहे मला."

"वडिलांची नजर अधू झाली होती?"

"छे! गेल्या आठवड्यात माझ्या औषधाच्या बाटलीवरची मुंगीएवढी अक्षरं चष्म्याशिवाय वाचून दाखवली, वर माझ्यावरच ओरडले."

मुख्य मेस्त्री चाकापाशी उभा होता. पोरका झाल्यासारखा त्याचा चेहरा होता. पण मुलाचे नाव निघताच त्याच्या जबड्याची हालचाल झाली.

"भांडण ऐकलं तुम्ही?"

"नेमकं चाक थांबवलं होतं, म्हणून शेवटचं ऐकलं. मालक ओरडले, 'बंद करतो! सगळ्यांना खरं काय ते सांगतो आणि बंद करतो!' आता खरं म्हणजे काय, ते मुलालाच विचारा."

"मालक स्वतः भिंग घासत?"

"त्यांच्यासारखा हात नव्हता साहेब कुणाचा. पण सहा वर्षांत चाकाला शिवले नाहीत. डोळे गेले म्हणायचे. रोज तीन ते चार दार लावून चिठ्ठ्या लिहायचे, तेवढाच त्यांचा विरंगुळा."

"त्या दिवशी चार वाजता तुम्ही कुठे होतात?"

"याच चाकावर. आठ माणसं समोर होती."

"याचंच काम, भावोजी," मेहुणे कानाशी लागले. "डोळे पाहा त्याचे."

"त्यात भुकटी गेली आहे, मेहुणे. तुमच्याही जाईल."

पॅकिंगच्या खोलीत मात्र भुकटीचा कण नव्हता. पांढरे सुती हातमोजे घातलेले, हळू बोलणारे एक गृहस्थ कापसाच्या घडीत भिंग ठेवत होते, बाळाला पाळण्यात ठेवावे तसे. सगळे त्यांना काका म्हणत.

"ती पेटी तुम्हीच भरली, काका?"

"होय. साडेतीनला मी वर गेलो. मालक लिहीत होते, नेहमीसारखे झरझर. चिठ्ठी दुमडून दिली, मी ती पेटीत ठेवून सील केलं. पाच वाजता गाडी गेली. चिठ्ठ्या वाचायची माझी पद्धत नाही."

"लिहिताना पाहिलंत?"

"या डोळ्यांनी."

मास्तरांनी मान हलवली. उजव्या मोज्याच्या मधल्या बोटाशी एक निळसर डाग होता. आतून झिरपलेला असावा तसा.

सूक्ष्मदर्शकांचे व्यापारी चिठ्ठ्यांचा गठ्ठा छातीशी धरून कचेरीत बसले होते.

"पोलिसांना मी गेल्या पाच वर्षांतल्या याच दाखवल्या. जुन्या घरी आहेत. पूर्वी तीन ओळी असत, 'भिंग जपा, कळावे.' गेली पाचसहा वर्षं मात्र पानभर लिहितात. माणूस वयानं मऊ होतो. मी उत्तर टाकलं नाही, असं एकदाही झालं नाही. भावापेक्षा जास्त होते हो ते मला."

पावणेपाचला मास्तरांनी सगळ्यांना काचेच्या केबिनमध्ये बोलावले. पोलीस अधिकारी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत आला. मुलगा भिंतीशी उभा राहिला आणि बहीण त्याच्या बाहीला धरून.

"चिठ्ठीतलं अक्षर गिऱ्हाइकांकडच्या चिठ्ठ्यांशी जुळतं," मास्तरांनी सुरुवात केली. "यावरून काय सिद्ध होतं?"

"ती मालकांनी लिहिली हे," अधिकारी म्हणाला.

"मुळीच नाही. दोन्ही एकाच हातानं लिहिल्या, एवढंच सिद्ध होतं. तो हात कुणाचा, हे कुणी तपासलं? ज्या नमुन्यांशी तुम्ही ताडलंत, तेच मालकांचे होते, हे तुम्ही गृहीत धरलंत."

अधिकाऱ्याने घड्याळावरून नजर उचलली.

"आता त्या माणसाकडे पाहा. बटणं नकोत. वस्तरा स्वतःच्या हाती नको. सहीऐवजी शिक्का. कप अर्धाच भरलेला. डोळे गेले म्हणून चाक सोडलं, आणि त्याच डोळ्यांनी मुंगीएवढी अक्षरं वाचली. मग गेलं काय? डोळे नव्हे, हात. त्यांच्या डॉक्टरांनी मला मघाशी सांगितलं, सहा वर्षं दोन्ही हात कापत होते. शपथ घालून ते लपवलं होतं. कारण भिंगांच्या मालकाचा हात कापतो, हे कळल्यावर भिंग कोण घेईल? म्हणजे गेल्या पाच वर्षांतली एकही चिठ्ठी त्यांनी लिहिलेली असू शकत नाही. शेवटचीसुद्धा."

मुलीने तोंडावर हात ठेवला. व्यापाऱ्यांच्या मांडीवरचा गठ्ठा घसरला.

"म्हणजे या दारामागे दुसराच कोणी लिहीत होता. मालकांचं अक्षर घोटून घोटून त्यानं उचललं. हळूहळू तीन ओळींचं पान झालं, कारण गिऱ्हाइकांच्या सुखदुःखात तो गुंतत गेला. उत्तरं मालकांच्या नावानं येत, पण ती त्याची असत. आणि त्या दुपारी मालक म्हणाले, सगळ्यांना खरं सांगतो आणि बंद करतो. खरं म्हणजे हेच. मुलाचं कुठलंही गुपित नव्हे. एका धक्क्यात खरं बोलणारा गेला आणि एका चिठ्ठीत चिठ्ठ्या बंद करू पाहणारा अडकणार होता."

"पण कोण?" मेहुण्यांनी मेस्त्रीकडे पाहत विचारले.

"मेस्त्री आठ माणसांसमोर होते. जो हात पेन धरू शकत नव्हता, तो झरझर लिहिताना 'या डोळ्यांनी' पाहिला, असं मला एकाच माणसानं सांगितलं. मालक लिहीत होते, हे पटवून द्यायची गरजही त्या एकालाच होती. तांबड्या भुकटीच्या या कारखान्यात बोटाला निळी शाई लागलेला माणूसही तोच. काका, मोजा काढता?"

काकांनी मोजा काढला नाही. ते व्यापाऱ्यांकडे पाहत होते.

"तुमची सौ. गेली तेव्हा," ते हळूच म्हणाले, "मालक म्हणाले, दोन ओळी टाक. त्या रात्री मी जेवलो नव्हतो. दोन ओळी! एकशे चाळीस घरं होती माझी. आणि त्या दुपारी ते म्हणाले, उद्यापासून तू फक्त पेट्या भर."

व्यापारी खुर्चीवरून उठले आणि पाठ फिरवून काचेशी उभे राहिले.

अधिकाऱ्याने टेबलावरचा कोरा कागद पुढे सरकवला. "हे सगळं लिहून द्या."

काका बसले. मोजा काढून त्यांनी पेन धरले. खाली चाके थांबली होती. कागदावरून फिरणाऱ्या निबाची कुरकुर सगळ्यांना ऐकू आली. ओळ पुरी झाली तशी मुलगी पुढे वाकली आणि दचकून मागे सरली. 'मालकांना मी ढकलले.' तीच गोलाई, तीच लांब वेलांटी. बाप स्वतःच्याच हाताने आपल्या खुनाची कबुली देत असावा, असे ते दिसत होते.

"नाटक नको," अधिकारी गुरकावला. "स्वतःच्या अक्षरात लिहा."

काकांनी पेन उचलले, क्षणभर विचार केला आणि पुन्हा टेकवले. 'मालकांना' एवढे उमटले, त्याच वळणाचे. त्यांनी ते खोडले. पुन्हा लिहिले, पुन्हा खोडले. त्यांच्या कपाळावर घाम आला.

"दुसरं येत नाही," ते शेवटी म्हणाले.

अधिकाऱ्याने तो कागद घेतला, बराच वेळ न्याहाळला आणि मुलाला म्हणाला, "तुम्ही घरी जा."

बहिणीने भावाला जिन्याकडे नेले. दोघे एकेक पायरी जपून उतरले.